ह्यांचा घास

मठातल्या सिस्टरांच्या भट्टीवर मी ओस्त्या भाजते. देवळात मिस्साच्या प्रार्थनेवेळी फादर जी पातळ गोल चकती हातात घेतात आणि तिचं प्रभूचं शरीर होतं, ती ओस्ती. मैदा आणि पाणी, बस. चिमूटभर मीठही नाही. अख्ख्या गावाच्या जिभेवर माझ्या हातच्या ओस्त्या पडतात आणि आम्ही नवरा-बायको शेवटच्या बाकावर नुसते बसून राहायचो, आम्हाला ओस्ती मिळायची नाही. कारण ह्यांची पहिली बायको जिवंत आहे. ती दुसऱ्याचा हात धरून गेली, पण देवळाच्या लेखी बायको अजून तीच. मग मी कोण, ते मला विचारू नका.

ह्यांच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. डॉक्टरांनी हात टेकले. दोन चमचे पाणी कसंबसं उतरायचं. दुकानांचे तराजू दुरुस्त करण्यात जन्म गेलेला हा माणूस, अंथरुणाला खिळल्यावर मागावं तरी काय?

"एकदा कम्युनियन मिळालं असतं, फादरांच्या हातची ओस्ती जिभेवर पडली असती, तर बरं झालं असतं," म्हणाले. "भूक लागलीय गं."

दुसऱ्या दिवशी भट्टीवरची एक ओस्ती रुमालात गुंडाळून आणली. "फादरांनी माझ्याबरोबर पाठवलीय," असं म्हणून त्यांच्या तोंडापुढे धरली. त्यांनी ओस्तीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू थाप मारतेस तेव्हा तुझी भुवई उडते," म्हणाले. "हा मैदा आहे. ठेव तो परत."

मेली ती भुवई! मी तरातरा फादरांकडे गेले. पोरसवदा फादर, नुकतेच आलेले. माझं बोलणं खाली मान घालून ऐकलं आणि संध्याकाळी घरी आले. ह्यांच्या उशाशी बसून हळू आवाजात म्हणाले, "आधी पापनिवेदन करावं लागेल, काका. आणि... ह्या संसाराबद्दल मनापासून पश्चात्ताप लागेल. मी उद्या येतो, तुम्ही विचार करा."

ते गेल्यावर हे भिंतीकडे तोंड करून पडले.

"म्हणून टाका की," मी म्हटलं. "तोंडानं म्हणायला काय जातंय?"

"तोंडानं म्हणून चालत नाही. मनातून यावं लागतं."

"मग आणा मनातून. माझी जीभ आठवा, कजाग आहे म्हणायचात ना? माझी भांडणं आठवा. चार दिवस अबोला धरला होता, तो आठवा."

हे हसायला गेले आणि ठसका लागला. पाठ चोळताना हाताला नुसती हाडं लागली. मला भयंकर राग आला, देवाचा, ह्यांचा, त्या पळालेल्या बाईचा.

"माझ्यासाठी उपाशी मरू नका," मी म्हटलं. "तुमच्या पाया पडते. मला पाप म्हणा, काहीही म्हणा, पण खाऊन जा."



दुसऱ्या दिवशी फादर आले. मला बाहेर जायला सांगितलं. पापनिवेदन कानावर पडू नये म्हणून मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिले. बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद केला नाही.

मग दार उघडलं. "आत या, आपण प्रार्थना म्हणू," फादर म्हणाले. हातातल्या डबीतून त्यांनी ओस्तीचा नखाएवढा तुकडा काढून ह्यांच्या जिभेवर ठेवला. मी चमच्यानं पाणी घातलं. गळ्याची घाटी वर गेली, अडली, खाली आली. ह्यांच्या चेहऱ्यावर किती तरी दिवसांनी पोट भरल्याची कळा आली.

फादर गेल्यावर मी जवळ बसले. विचारू नये ते विचारलं. "मनापासून म्हणालात?"

ह्यांनी डोळे मिटले. माझ्या हातावर त्यांचा हात होता, तो काढून आपल्या छातीवर ठेवला.

पहाटे गेले. शेजारणी म्हणतात, भाग्याचे, प्रभूला घेऊन गेले. मी मान डोलावते. आमच्या संसाराचा पश्चात्ताप फादरांना खोटाच सांगितला असेल तर तो घास त्यांना बाधणार, खरा असेल तर मला. आता मी भट्टीवरच्या साच्यात पीठ ओतते, त्याच्या पाट्या दाबते, आणि रोज देवाकडे मागते की ते खरं बोललेले असू देत.