मासा वीतभर झाला तेव्हा

मनोरीच्या धक्क्यावर कुणालाही विचारा, हरेश्वरला, म्हणजे मला, काटा मारणारा शिंगाळा मासा केवढा होता? प्रत्येक जण वेगळं माप सांगेल. त्यात त्यांचा दोष नाही. ज्याला जसं पचेल तसं मी सांगत आलोय. पण त्या मापामुळे माझा जीव वाचला, ते एकदा लिहून टाकतो. ज्या पोरीने वाचवला तिचं नाव वनमाला.

साल एकोणसत्तर. जाळं झाडताना शिंगाळ्याने पायात काटा घुसवला. विषारी काटा, करवतीसारखे दात त्याला. मी तो उपटला, वर हळद चेपली आणि पुन्हा होडीवर गेलो. पाय भोपळ्यासारखा फुगला तेव्हा माझ्या बायकोने, कमळने, मला तरीत घातलं, खाडीपलीकडे मार्व्याला उतरवलं आणि उपनगरातल्या एका इस्पितळात नेऊन टाकलं.

वनमाला तिथे नर्सिंग शिकत होती. राहायची पार्ल्याला, बाप गिरणीत. शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला एकेक पेशंट वाटून दिलेला. त्याला सगळं विचारायचं, तपासायचं, आणि वॉर्ड सांभाळणाऱ्या माणिक सिस्टरना सांगायचं. तिच्या वाट्याला मी आलो.

"मामा, काय झालं ते नीट सांगा."

"काय सांगू पोरी! मासा होडीहून लांब. शेपटी आपटली तर पलीकडच्या गावातल्या देवळाची घंटा वाजली."

"आणि काटा?"

"हातभर. अख्खा उपटला. घरी भिंतीला टांगलाय, त्यावर सदरा वाळत घालतो."

बिचारीने सगळं लिहून घेतलं. माणिक सिस्टरनी वाचलं आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"वनमाला, तुला पेशंट दिलाय की मत्स्यावतार?"

वॉर्ड खो-खो हसला. पण सिस्टर तिला बाजूला घेऊन म्हणाल्या ते मी ऐकलं. कान माझे तेव्हा तिखट होते. "तो काय सांगतो ते लिहायचंच. पण कसा सांगतो तेही बघ. रोज बघ. रोजचा माणूस ठाऊक असला तरच तो बदललेला कळतो."

झालं! पोर माझ्याकडे बघतच बसायला लागली. माझं मनगट धरायची, स्वतःच्या छातीवर टाचलेल्या घड्याळाकडे नजर, आणि मिनिट होऊन गेलं तरी सोडायची नाही. नाडी मोजायला एवढा वेळ? मला वाटलं, पन्नाशीतही आपल्यात काहीतरी आहे बुवा. कमळलाही तेच वाटलं. भेटायच्या वेळेला ती बोंबलाचं कालवण घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"काय गो, माज्या नवऱ्याचा हात धरून किती वेल बसशील?"

वनमालाचा चेहरा लाल. मी मिशीत हसलो. शेजारच्या खाटेवर दत्ताराम होता, मालवणचा, मोडका हात गळ्यात. तो म्हणाला, "वहिनी, घरी नेवा ह्येका. हयसर मासो रोज वाढता हा. काल होडीयेवढो होतो, आज लाँचीयेवढो झालो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप घेतला तर पारा खाली उतरलेला. चला, बरं वाटतंय, सगळे म्हणाले. दत्तारामने रोजच्यासारखी कळ काढली, "हरेश्वरा, आज मासो केवढो रे?"

मी म्हणालो, "वीतभर."

दत्ताराम हसला. त्याला वाटलं, ही नवी गंमत. वनमाला ताप मोजायची नळी झटकत होती, तिचा हात तिथेच थांबला.

"मामा, परत सांगा."

"वीतभर गं. जाळ्यात... अडकलेला. साधा... मासा."

"आणि काटा? अख्खा निघाला होता?"

"नाही. टोक... मोडलं. आत असेल."

तिने माझं मनगट धरलं. या वेळी नजर कुठे होती ते मला दिसलं. घड्याळावरून उठून ती माझ्या छातीवर जात होती. माझा हात गार, घामाने ओला. तिने चादर बाजूला केली. घोट्यापासून एक लाल रेघ वर चढत निघाली होती. पोर धावत सुटली. तिचं बोलणं सगळ्या वॉर्डने ऐकलं.

"सिस्टर, माझा पेशंट खरं बोलायला लागलाय!"

वॉर्ड पुन्हा हसला. माणिक सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्याच.

"ताप उतरलाय सिस्टर, पण श्वास कालच्यापेक्षा फार वाढलाय. एक वाक्य पुरं होत नाही. आणि काट्याचं टोक पायातच आहे."

सिस्टरनी स्वतः पाहिलं, डॉक्टरांना बोलावलं. पाय उघडला, पू काढला, टोक काढलं. डॉक्टर नंतर म्हणाले, विष रक्तात भिनायला लागलं होतं, संध्याकाळपर्यंत हाताबाहेर गेलं असतं.

शुद्धीवर आलो तर वनमाला खाटेशी. मी विचारलं, "पोरी, एवढा वेळ हात का धरतेस ते तरी सांग."

"श्वास मोजते म्हटलं की माणूस श्वास सांभाळून घेतो, मामा. म्हणून नाडीच्या नावाने हात धरून ठेवायचा आणि गुपचूप छाती बघायची."

कमळ पायथ्याशी बसून रडत होती. ती उठली, वनमालाचा हात घेतला आणि माझ्या मनगटावर ठेवला. "धर गो बाय. पायजे तेवढा वेल धर."

आता वनमाला स्वतःच सिस्टर आहे. शिमग्याला तरीतून येते. आमच्याकडे तिच्यासाठी पापलेट राखलेलं असतं, आणि खोटं सांगत नाही, सबंध कोळीवाड्यात तेवढं मोठं पापलेट कुणी पाहिलेलं नाही. ओटीवर बसली की आधी माझं मनगट धरते.

"मामा, मासा केवढा होता?"

यंदा मी तिला सांगितलं, शेपटी मनोरीला आणि डोकं वसईच्या किल्ल्यात. किल्ल्याचा बुरूज ढासळला तो त्यानेच. एका दमात सांगितलं, मध्ये कुठे थांबलो नाही.

तिने छातीकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली. "झकास. तब्येत ठीक आहे."

तरी हात सोडला नाही. आतून कमळ ओरडली, "आनखी थोडा वेल धर गो, कालवनाला उकली येयाची हाय."