कोनाड्यातला कप

त्या घरात कपांना तोटा नव्हता. स्वयंपाकघरातल्या फळीवर सव्वीस कप ओळीनं पालथे घातलेले असायचे. सत्ताविसावा मात्र गोठ्यातल्या अंधाऱ्या कोनाड्यात. कान तुटलेला, कडेला टवका उडालेला. तो मावशींचा.

बावीस म्हशींचं शेण काढणाऱ्या बाईला घरच्या कपात चहा द्यायचा नाही, अशी त्या घराची रीत. कुणी घातली म्हणून विचारा, एकालाही सांगता यायचं नाही! सुनेनं किटली घेऊन जायचं, कपाला हात न लावता वरूनच धार सोडायची आणि मागं न बघता परत यायचं. सून शिकलेली. पहिल्या दिवशी तिला लाज वाटली, पंधराव्या दिवशी सवय झाली. सवय मेली असलीच असते.

त्या सकाळी दूध न्यायला आलेल्या मास्तरांनी भरलेलं माप परत केलं.

"वहिनी, माशी आहे यात. उद्यापासून मी दुसरीकडे बघतो."

सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. माशा तरी किती! कॅनच्या झाकणांवर, मापाच्या दांड्यावर, म्हशींच्या डोळ्यांत. हात फिरवला की उठायच्या आणि पुन्हा तिथंच बसायच्या.

गोठ्याच्या दारातून मावशी म्हणाल्या, "बाई, किती वेळा सांगू? तो उकिरडा भिंतीला चिकटलाय, तो लांब न्या अन् झाका. माशी तिथंच अंडी घालते. गटार तुंबलंय, ते मोकळं करा. आठवड्यात फरक पडेल."

"तू शेण काढ. मला अक्कल शिकवू नकोस," सासूबाई फणकारल्या.

खरं तेच मावशी बोलत होत्या. पण वेगळ्या कपातून चहा पिणाऱ्या बाईचं कोण ऐकतो?

थोड्या वेळानं सून नेहमीसारखी किटली घेऊन गेली, धार सोडली आणि परतली. स्वयंपाकघरात सासूबाई कोपरापर्यंत साबण लावून हात धूत होत्या.

"माशांचं औषध आणलं होतं ना, ते पाकात कालवून ठेवलंय गोठ्यात. जालीम आहे म्हणे. तू कशाला हात लावू नकोस गं."

"कशात ठेवलंत, आई?"

"त्या कोनाड्यातल्या कपात. विषासाठी घरचं भांडं कशाला बाटवायचं?"

सुनेच्या हातून किटली निसटली. ती पळत सुटली. अंगण ओलांडायला वीस पावलं लागतात. देवा, त्यांनी अजून प्यायलेला नसू दे, चहा गरम असू दे, एखादी म्हैस आडवी येऊ दे!

मावशी गव्हाणीला टेकून बसल्या होत्या. कप रिकामा.

"काय झालं सूनबाई? अशा धावत का आलात?" त्यांनी हसून विचारलं. मग तोंड पुसलं. पुन्हा पुसलं. "तोंडाला सारखं पाणी का सुटतंय हो? दिसतही नाहीये नीट..."

त्यांच्या दंडाचं मांस आपोआप उडू लागलं होतं. चार वर्षांत सुनेनं या बाईला बोटही लावलं नव्हतं. आज तिनं दोन्ही हातांनी कवटाळून उठवलं आणि जिवाच्या आकांतानं हाक मारली, "अहो! कॅन उतरवा! टेम्पो मोकळा करा!"

नवरा धावत आला. दोघांनी मावशींना टेम्पोत घातलं, तेवढ्यात सासूबाई आडव्या आल्या. चेहरा पांढराफटक.

"चक्कर आली म्हणून सांगायचं. औषधाचं नाव काढायचं नाही. गोठ्यात विष होतं हे कळलं तर आपल्याकडचं दूध कोण घेईल?"

"आई, पाकीट द्या. डॉक्टर विचारतील कुठलं औषध."

"फेकलं मी ते."

पण त्यांची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा जमिनीकडे बघत होता. शाबास रे पठ्ठ्या! टेम्पोत एक जीव तडफडतोय आणि हा आपल्या चपला बघतोय.

सून घाबरली नाही, असं मी मुळीच म्हणणार नाही. तिचे दात वाजत होते. सासूबाईंसमोर तिनं कधी मान वर केली नव्हती आणि उद्या पुन्हा याच घरात राहायचं होतं. तरी तिनं त्यांचं मनगट धरलं आणि एकेक बोट उघडलं.

"मी पाजलंय त्यांना, आई. याच हातांनी."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हे यांच्या पोटात कसं गेलं?"

खोटं सांगणं तेव्हाही सोपं होतं. "आम्हीच दिलं," सून म्हणाली. "यांचा कप आम्ही वेगळा ठेवतो. त्यात विष कालवलं, आणि मी न बघता वरून चहा ओतला."

डॉक्टरांनी चुरगळलेलं पाकीट सरळ करून वाचलं आणि इंजेक्शन मागवलं. दुपारपर्यंत सून बाकावर बसून राहिली. आतून कुणी आलं की ती उठून उभी राहायची. शेवटी डॉक्टर बाहेर आले.

"वाचल्या. पाकीट नसतं, तर मी चाचपडत बसलो असतो."

मावशींनी डोळे उघडले तेव्हा सून उशाशी होती.

"आज चहा फार गोड होता," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी मुद्दाम साखर जास्त घातलीत."

सून पदर तोंडात कोंबून रडली.

मावशी कामावर परतल्या त्याला आता महिना झाला. उकिरडा शेताच्या टोकाला गेला, त्यावर झाकण आलं, गटार वाहतं झालं. माशा खरोखरच कमी झाल्या. कोनाडा सुनेनं स्वतः विटा लावून बुजवला. सासूबाई अजून तिच्याशी बोलत नाहीत.

रोज सकाळी सून फळीवरचे दोन रिकामे कप घेऊन गोठ्यात जाते. "कुठलाही घ्या, मावशी," म्हणते. मावशी दोन्ही कप उजेडात धरतात, तळाशी बोट फिरवतात, वास घेतात आणि मग एक पुढं करतात. कधी कधी पुन्हा एकदा वास घेतात. सून थांबते, घाई करत नाही. मग चहा ओतते आणि उरलेला कप घेऊन शेजारी बसते.

तुमच्याकडेही असा एखादा कप बाहेर ठेवलेला असेल, तर आजच आत आणा.