फेलिक्स कुठला

आमचे हे लढाईवर निघाले तेव्हा मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर नवरा कुठं जातोय हे बायकोला कळू द्यायचं नाही, या फौजेच्या नियमाचा. पत्रात गावाचं नाव आलं की त्यावर काळी शाई फासत. हे तोफगाड्यांच्या कारखान्यात फिटर होते. दुरुस्तीच्या पलटणीत नाव घातलं आणि निघाले. लग्नाला तेव्हा अकरा महिने झाले होते.

जाण्याच्या आदल्या दिवशी नदीवर, तिलवाऱ्याच्या घाटावर यांनी खिशातून एक कागद काढला. कारखान्याच्या क्लबात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्यात एकेक नाव घेऊन, त्या नावाची मोठी माणसं ओळीनं दिलेली होती. यांनी त्यातला फेलिक्स उतरवून आणला होता. नाव लॅटिन, अर्थ सुखी. एक फेलिक्स रोमन लोकांचा पॅलेस्टाइनमधला सुभेदार, एक रोमचा पोप, एक फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष, एक जर्मनीचा संगीतकार.

"मी ज्या मुलखात असेन तिथला फेलिक्स पत्रात घालीन. तू नकाशात पाहून घे."

"काहून? आपल्यातली नावं संपली का?"

"राम लिहिला तर तू मला नाशकात शोधत बसशील. अन् भय्यासाहेबांना सांगू नको हां. ते साऱ्या मोहल्ल्याला सांगून येतील."

भय्यासाहेब म्हणजे माझे सासरे. तीस वर्षं त्याच कारखान्यात घणांच्या आवाजात काढून कान पार गेलेले. त्यामुळे पत्र मी मोठ्यानं वाचायची आणि त्यांनी मान डोलवायची, असा आमच्या घरचा रिवाज.

पहिलं पत्र आलं. "सध्या सुभेदार फेलिक्सच्या राज्यात आहे. ठीक आहे." माझा आनंद पोटात मावेना. पॅलेस्टाइन! तेवढ्यात सासरे ओरडले, "काय? सुभेदारीत फेल?"

मी पदरानं तोंड दाबलं. यांना शब्द दिला होता म्हणून गप्प राहिले, असं मी पुढं स्वतःला पुष्कळ सांगितलं. खरं म्हणजे मला गंमत वाटत होती. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी माझं एकटीचं होतं, आणि मला ते वाटून घ्यायचं नव्हतं.

मला न सांगता सासऱ्यांनी यांना पत्र लिहून पोस्टात टाकलं. ते मला यांच्या पुढच्या पत्रातून कळलं. "भय्यासाहेब लिहितात, फेलचं नाव पुन्हा पत्रात दिसता कामा नये, घराण्याला बट्टा लागतो. बरं, नाही काढणार. त्यांना सांग, मी पास झालो. आमचा मुक्काम हलला आहे. तुझी फार आठवण येते."

मुक्काम हलला, पण कुठं? मी कागद उलटा केला, उजेडात धरला. काही नाही. फेलबरोबर फेलिक्सही गेला; वडिलांचा शब्द मोडायची यांची टाप नव्हती. सासऱ्यांनी त्या दिवशी सगळ्या मोहल्ल्यात खव्याची जिलेबी वाटली. माझ्या वाट्याची मी तशीच झाकून ठेवली.

मी तीन पत्रं लिहिली, तिन्हींत फेलिक्सची खुशाली विचारली. उत्तर आलं ते छापील. अमुक नंबरचा शिपाई अच्युत, बेपत्ता. जागेचं नाव त्यातही नव्हतं.

मग मी सासऱ्यांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. तोंडाला येईल ते मी बोलले. "तुम्ही भलतंच ऐकलं, अन् मी दुरुस्त नाही केलं. दोघांनी मिळून घालवला त्याला!" नवऱ्याला अरेतुरे केलं, हेही माझ्या ध्यानात आलं नाही. सासरे त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन ते सिविल लाइंसच्या वाचनालयात गेले. मग रोजच जाऊ लागले. महिनाभरात त्यांच्या वहीत चाळीसेक फेलिक्स जमले. संत, पोप, पाद्री, प्रत्येकाच्या पुढं गाव. माझा राग जाईना, पण त्यांचा चहा मी गार होऊ देत नव्हते.

एका दुपारी ते घाईघाईनं आले, चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"अनसूया, ऐक. इटलीत नेपल्सच्या जवळ नोला म्हणून गाव आहे. तिथं एक फेलिक्स होता, संत. मागे शिपाई लागले तर पडक्या भिंतीत लपला. लोक सांगतात, कोळ्यानं त्या भगदाडावर जाळं विणलं. शिपायांनी जाळं पाहिलं, म्हटलं इथं कोण असणार, अन् गेले परत. नंतर तो जिता बाहेर आला." दम घ्यायला ते थांबले. वही माझ्यापुढं धरली. "शेवटच्या पत्रात हाच होता ना बाई? तू वाचला असशील. मला ऐकू आलं नसेल."

शेवटचं पत्र माझ्या पेटीत होतं. मला ते पाठ होतं.

"हो," मी त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हटलं. "हाच होता."

"अच्छा," ते म्हणाले आणि खाली बसून चपला काढू लागले.

लढाई संपली, चौकशीचे अर्ज केले, उत्तर तेच आलं. सासरे त्यानंतर सहा वर्षं जगले. नकाशात नोलावर बोट ठेवून आल्यागेल्याला दाखवायचे, आमचा अच्युत इथं आहे म्हणून. समाधानानं गेले. मला मात्र यांची आठवण आली की नकाशात बोट ठेवायला जागा नाही.