काळी वायर

मीटर घेऊन फिरणाऱ्या माणसाला एक खोड लागते. त्याला समोरच्याचं बोलणं खरं वाटत नाही, आकडा खरा वाटतो. बावीस वर्षं मी बंदरावरच्या होड्यांचं वायरिंग करतोय, तेव्हा ही खोड माझ्यात चांगलीच मुरली आहे. त्यात जीभही लांब.

मागच्या हिवाळ्यात भावोजींची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची, होडी भर दुपारी धुक्यात बंद पडली. ते आणि त्यांचा भागीदार सात तास नुसते वाहत होते. दुसरी एक होडी अंगावर येता येता थांबली, म्हणून सापडले. परत आल्यावर भावोजी म्हणाले की भागीदार खाली इंजिनाशी झटत असताना मी वायरलेसवर तीनदा हाक मारली. बंदराच्या कचेरीतला वायरलेस दिवसभर चालू असतो. तिथल्या कारकुनानं काही ऐकलं नव्हतं. इतर होड्यांनीही नाही.

त्या होडीचं वायरिंग माझं होतं. मी तरातरा होडीवर गेलो आणि बॅटरीला मीटर लावला. बारा पूर्णांक सहा व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. वायरलेस चालू केला तर दिवा लागला, बाकीच्यांचं बोलणं खणखणीत ऐकू आलं. झालं, दहा मिनिटांत कचेरीत येऊन सगळ्यांदेखत निकाल दिला. मशीन ठणठणीत आहे, म्हटलं. बोलताना बटण दाबून धरावं लागतं, भावोजींची भीतीनं बोबडी वळली असेल, बटण न दाबताच हाका मारत बसले असतील. सगळे पोट धरधरून हसले, त्यात मी सर्वांत जोरात. भावोजी दारात उभे होते. कारकुनानं त्याच दिवशी त्यांचं नाव मौनीबाबा ठेवलं.

महिन्याभरात भागीदार सोडून गेला. ज्याला वेळेला हाक मारता येत नाही त्याच्याबरोबर पाण्यात कोण जाणार? भावोजींनी होडी धक्क्याला बांधली ती बांधलीच. बर्फाच्या कारखान्यात दारावर बसायची नोकरी धरली. ताईनं मला एका शब्दानं काही विचारलं नाही. जेवायला बोलवायची, मी जायचो, भावोजी मला वाढायचे. मी दोनदा मागून घ्यायचो.

आज सकाळी भावोजींची ती होडी विकत घ्यायला एक निवृत्त मास्तर आले. गणित शिकवायचे. वायरलेसचं तेवढं बघून द्या, म्हणाले. मी ऐटीत बॅटरीला मीटर लावला आणि आकडा दाखवला. मास्तरांनी चष्मा वर केला आणि शांतपणे विचारलं, बोलत असताना हा आकडा किती राहतो?

हा प्रश्न मी स्वतः हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो. बसलेल्या माणसाची नाडी बघून तो जिना चढेल का ते कळत नाही, असं वर ऐकवतोही. वायरलेस नुसता ऐकत असतो तेव्हा त्याला वीज चिमूटभर लागते. बोलायचं बटण दाबलं की तो घटाघटा ओढतो. मापायचं ते तेव्हा, आणि मशीनच्या मागे, बॅटरीपाशी नाही. भावोजींच्या वेळी मी ते केलं नाही, कारण मला मापायचंच नव्हतं. लग्नापासून मी त्यांना बावळट समजत आलोय. निकाल घेऊनच होडीवर चढलो होतो.

मास्तरांना बटण दाबायला सांगितलं. मशीनच्या मागे लावलेल्या मीटरचा आकडा धाडकन नऊवर आला आणि दिवा विझला. बॅटरीपाशी मात्र बारा पूर्णांक तीन. म्हणजे मधल्या वाटेत कुठेतरी तीन व्होल्ट गायब होत होते. लाल वायर तपासली, ती चोख. मग काळी, परतीची वायर. सगळे लाल वायरची काळजी घेतात, काळीकडे कुणी बघत नाही. ती हाताळत हाताळत फळीच्या मागे गेलो तर बोटांना एक जोड लागला. दोन टोकं नुसती पिळलेली, वर टेप.

टेपचं टोक दुमडलेलं होतं. पुढच्या वेळी नखानं उचलायला सोपं जावं म्हणून टोक दुमडायची सवय या बंदरावर फक्त मला आहे. आत तांब्याची हिरवी भुकटी झाली होती. मला तो दिवस आठवला. वायरींची टोकं जोडायला वर दाबून बसवायची नळी संपली होती आणि ताईनं ताट वाढलंय म्हणून निरोप आला होता. घरचीच होडी आहे, उद्या करू, असं म्हणून मी उठलो होतो.

मास्तरांनी काय निघालं ते विचारलं. मी म्हणालो, होडी पडून राहिली की होतं असं. इतकं सहज म्हणालो की माझी मलाच किळस आली. या वेळी नळी दाबून नवा जोड केला. मास्तर बघत होते.

तिथून तडक ताईकडे गेलो. भावोजींची आज सुट्टी होती. ते खुर्चीत बसून सदऱ्याला बटण लावत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बोलताना मान वर होईना. वाटलं, आता चार शब्द सुनावतील, हाताला धरून बाहेर काढतील. तसं केलं असतं तर मला बरंच वाटलं असतं.

त्यांनी सुई खाली ठेवली.

"म्हणजे मी बटण दाबलं होतं?"

"दाबलं होतं, भावोजी. तिन्ही वेळा मशीन बंद पडलं असणार."

"मलाच खात्री राहिली नव्हती रे," ते म्हणाले. "रोज हा अंगठा बघतो. म्हटलं, खरंच दाबलं होतं का आपण?"

मला वाटलं होतं मी त्यांचं हसं केलं. मी त्यांचा त्यांच्यावरचा विश्वासच काढून घेतला होता. लाजेनं तोंड कुठे लपवू असं झालं. मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर ताई मध्ये आली.

"इथे नको," ती म्हणाली. "जिथे हसलास तिथे जाऊन सांग."

मी होडीवर परतलो. मास्तर अजून तिथेच होते. मी मशीनच्या मागे मीटर लावून ठेवला, माईक घेतला आणि बटण दाबून होडीचं नाव घेतलं. लगेच कारकुनाचा आवाज आला, अरे, मौनीबाबा बोलले. मागून चारपाच जणांचं हसणं. दुपारची वेळ, सगळ्या होड्या ऐकत होत्या.

मी सांगितलं. कुणाची होडी, कुणाचा जोड, कुणाचा आळस, कुणाचं खोटं. भावोजींनी तीनदा हाक मारली होती, आपल्याला ऐकू आली नाही ती माझ्यामुळे. सांगून बटण सोडलं.

मग कारकून म्हणाला, "नीट ऐकू आलं नाही. परत सांगा."

बोलताना माझी नजर मीटरवरच होती. आकडा बाराच्या खाली गेला नव्हता. त्याला शब्द न् शब्द ऐकू आला होता.

मी पुन्हा बटण दाबलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.