आखणी चालू असताना

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. तुम्ही चित्रकलेच्या तासाला वापरता, तसला जाडजूड नव्हे. मी आखणीचा ब्रश. गणपतीची मूर्ती रंगवून झाली की सगळ्यात शेवटी तिचे डोळे काढतात. त्यालाच आखणी म्हणतात आणि ते काम माझे. मूर्तीचे अंग रंगवणाऱ्या ब्रशांशी मी कधी फारसा बोललो नाही. आता माझे निम्मे केस झडलेत, पण तोरा गेलेला नाही, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

मला मुंबईच्या दुकानातून पेणजवळच्या जोहे गावात आणले ते गोविंदाने. त्याचा तिथे मूर्तींचा छोटा कारखाना होता. त्याने ब्लेडने माझे केस छाटून मला असे टोक दिले की गिऱ्हाईक मूर्ती उचलताना म्हणे, "गोविंदा, देव बघतो रे आमच्याकडं." हे कौतुक माझेच आहे, असे मी समजे.

कारखान्याचा एक नियम होता. आखणी चालू असताना कोणी बोलायचे नाही. रेडिओ बंद. खोकला आला तर अंगणात जायचे. गोविंदा श्वास रोखून रेषा ओढायचा आणि त्याची मुलगी वैशाली शेजारी गप्प बसून बघायची. बघता बघता तिचाही हात तयार झाला.

मग शहाण्णव सालचा श्रावण आला. शेवाळलेल्या पायरीवरून घसरून गोविंदाचा उजवा हात मोडला. जन्मभर साच्यात प्लास्टर ओतणाऱ्या माणसाचा हातच प्लास्टरमध्ये गेला. घरात आखणी करणारी आता वैशाली एकटीच उरली. ती पेणच्या हायस्कुलात दहावीत होती. तिने शाळा बंद केली आणि दिवसभर घासकाम, रंगकाम आणि आखणी अंगावर घेतली.

"दहावी पुडच्या वर्षाला बघू," गोविंदा म्हणाला. त्या गावात पुढच्या वर्षावर टाकलेली दहावी कुणाच्या दारी परत आलेली मी पाहिली नव्हती. रात्री मला धुताना वैशालीची बोटे इतकी घट्ट आवळली होती की माझे केस दुखले.

तिच्या शाळेत मुलांचा एक गट होता. त्याचे नाव 'सोबत'. वर्गातले कोणी बरेच दिवस आले नाही, तर गटाने त्याच्या घरी जायचे आणि राहिलेला अभ्यास द्यायचा. गट चालवत होत्या शाळेतल्या शिक्षिका, रामवाडीच्या डेबोराबाई. बाई बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या. त्यांचे बहुतेक नातेवाईक देश सोडून गेले होते, म्हणून रिकामी जागा दिसली की बाईंना चैन पडत नसे. शनिवारी त्यांच्या धर्मात काम करत नाहीत. म्हणून गट रविवारी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मूर्ती न्यायला टेम्पो येणार होता.

वैशाली तेव्हा एका मूर्तीचा डावा डोळा काढत होती. गटातल्या सुशीलला वाटले, हिचे हात कामात आहेत, कान तर मोकळे आहेत. त्याने दारातूनच विज्ञानाचे पुस्तक उघडले आणि खणखणीत आवाजात धडा वाचायला घेतला. वैशाली दचकली. मी तिच्या बोटांत थरथरलो आणि काळी रेषा डोळ्यातून थेट सोंडेवर उतरली.

गोविंदा उठला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

"आखणी चालू असताना हितं कोन बोलत नाय," तो म्हणाला. "बाई, तुमचा मान हाय. पन पोरांना घिऊन भायेर व्हा."

"चुकलं, गोविंदादादा. आम्हाला ठाऊक नव्हतं," डेबोराबाई म्हणाल्या. "आता बोलणार नाही. पण जाणारही नाही."

त्यांनी मुलांना नुसती खूण केली. मुलांनी पॉलिश पेपर उचलले आणि कच्च्या मूर्ती घासायला घेतल्या. बाईंनी सोबत आणलेला गुंडाळी फळा खिळ्याला टांगला आणि त्यावर खडूने धडा लिहिला. वैशालीने बिघडलेली रेषा पुसली, पांढरा रंग देऊन ती जागा सुकू दिली. एका मूर्तीचे डोळे झाले की ती फळ्याकडे बघे आणि पुन्हा मला रंगात बुडवी. दिवसभर कोणी चकार शब्द काढला नाही. पेपर घासल्याचा तेवढा आवाज. गोविंदा कोपऱ्यात बसून एकदा मुलांकडे आणि एकदा फळ्याकडे बघत होता.

दिवस कलला. शेवटची, सगळ्यात मोठी मूर्ती उरली. आणि इथे वैशालीचा हात कापायला लागला. माझे टोक मूर्तीच्या डोळ्यापाशी जाई आणि मागे फिरे. सकाळची चूक तिच्या मनातून जात नव्हती. मुलांचे हात थांबले. मला वाटले, आता मी पडणार.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. पाचवीत शाळा सोडलेला गोविंदा अक्षर अक्षर लावत फळा वाचत होता.

"आप... तन कोन आनि परा... वर्तन कोन समान." तो थांबला. "वैशाले, म्हंजी काय गो?"

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. नियम त्याचा आणि मोडणाराही तोच.

"उजेड आरशावर जेवढा तिरका पडतो, बाबा," वैशाली मूर्तीवरची नजर न काढता म्हणाली, "तेवढाच तिरका परत जातो. दोन्हीकडं सारखा."

बोलता बोलता तिने उजवा डोळा काढला होता. मग डावा. मी एकदाही हललो नाही.

गोविंदाने दोन्ही डोळे निरखून पाहिले. "सारखं हाय," तो म्हणाला. मग बाईंकडे वळला. "उद्यापास्नं हिला शालंत धाडतो. आखणी सांजची करू. पोरं रव्वारी घासायला येतील नं?"

"येऊ," सुशील अगदी हळू आवाजात म्हणाला.

वैशाली दहावी पास झाली आणि निकालाच्या दिवशी तिने मला 'सोबत' गटाला भेट दिले. तेव्हापासून मी शाळेच्या कपाटात आहे. पहिली काही वर्षे नवी मुले मला हातात घेऊन ही गोष्ट ऐकत. मग गटही मोडला आणि मला कोणीतरी पाण्याच्या पेल्यात केसांवर उभे करून विसरून गेले. केस वाकले ते वाकलेच.

मित्रांनो, माझ्यासारख्याला वेळेवर धुऊन आडवे ठेवा, एवढेच मागतो. आणि हजेरीत एखादे नाव घेतल्यावर रोज नुसती शांतता ऐकू येत असेल, तर तिला आखणीची शांतता समजू नका. त्याच्या दारी जा आणि बोला.