डोंगराकडच्या काचा

"साहेब, मन्ही पोरनं रगत आठे उनं व्हतं. काय निंघनं त्यामा?"

सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलताच छगनने विचारलं, "गाव कोनतं?"

दारातल्या गोवालने सातपुड्यातल्या आपल्या पाड्याचं नाव सांगितलं, तसा छगनचा हात थबकला.

पावसाळा सरला की हिवतापाच्या या तपासणी-खोलीत रक्ताच्या काचांचा ढीग साचे. बासष्ट साली वरून तंबी आली, काम तुंबता कामा नये. छगन हाडाचा कामसू. त्याने डोकं चालवलं. एकेक काच रंगवण्याऐवजी गावाची गावं एकदम रंगवायची आणि ती वाळेपर्यंत दुसरी तपासायची. सपाटीवरच्या प्रकाशा, रनाळे, कळसाडी या गावांच्या काचा पेटीतून स्वच्छ येत, भराभर उरकत. डोंगराकडच्या मात्र एकमेकींना चिकटलेल्या, माश्यांनी चाटलेल्या. त्यांच्यात सगळा वेळ जाई. त्या त्याने गाठोड्यात बांधून खालच्या फळीवर सरकवल्या, मागाहून बघू म्हणून. तपासलेल्या काचांचा आकडा दुपटीने चढला. साहेबांनी पाठ थोपटली आणि हा गडी खुळ्यासारखा हुरळला.

आता त्याने वाकून ते गाठोडं सोडलं, गोवालच्या पोरीची, फुलवंताची काच शोधून रंगवली, भिंगाखाली धरली. जंतू शोधावे लागलेच नाहीत, जिकडेतिकडे तेच.

"हिवताप शे. पक्कं औषध देस मी. पोर कोठे शे?"

"गयी ती," गोवाल म्हणाला. "पहिल्या गोयास्नी ताप उतरना, मंग परत चढना. तुमना मानूस बोलना, काच देखाई जाई मंग पुरं औषध भेटी. आम्ही वाट देखी ऱ्हायनूत."

"मंग आते कसाले उना, भाऊ?"

"मी तिले पडता पानीमा लाकडे येचाले लई गयथू. मन्हामुये गयी का ती? इतलंच सांगा."

छगन गप्प राहिला असता तर कुणाला कळणार नव्हतं. पण समोरचा बाप ते ओझं घेऊन डोंगर चढणार होता.

"तुन्हामुये नही. काच आठेच पडेल व्हती. मीच देखी नही."

गोवालने त्या गाठोड्याकडे बघितलं. वाटलं, आता हा हातातली काठी उगारणार. उगारली असती तर छगनला बरंच वाटलं असतं.

"त्यामा मन्हा पाडाना आखो पोरे शेतस," तो म्हणाला. "नावे वाचा. कोनी पहिले देखनी, मी सांगसू. गोया मीच लई जासू."

तो दाराशी टेकून बसला. छगन काचांबरोबरच्या चिठ्ठ्या वाचू लागला.

"दलसिंग."

"जित्ता शे."

"कोकिळा."

"जित्ती शे. ती पहिले देखा."

"चैत्या."

गोवालने भिंगाखालच्या काचेकडे बोट दाखवलं. छगनने ती काच उचलली आणि फुलवंताच्या काचेशेजारी ठेवली.