गंजाने दिलेली साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. माझं इंजिन एकाच सिलिंडरचं, टाकी गडद हिरवी, आणि आवाज असा दणदणीत की मी गल्लीच्या तोंडाशी आले की घरात चहाचं आधण चढायचं.

कारखान्यातून निघाले ती थेट एका परिचारिकेच्या हाती आले. त्या घरोघर जाऊन बाळंतपणं करायच्या. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. बाई असून मोटारसायकल चालवते, म्हणून सुरुवातीला लोक तोंडात बोटं घालायचे. पुढे तेच लोक रस्त्याकडे डोळे लावून आमची वाट बघायचे. औषधांची पेटी मागे बांधून मी बावीस वर्षं धावले. एखाद्या घरातून बाळाचं पहिलं रडणं ऐकू आलं की दारात उभ्या उभ्या मला वाटायचं, यात थोडा आपलाही हात आहे. हात नाही, चाक म्हणा हवं तर! बाई मला पुसायच्या, वेळेवर तेल द्यायच्या, चेन स्वतः ताणायच्या. एवढी माया सगळ्याच गाड्यांच्या वाट्याला येत नाही.

मग त्यांचा गुडघा गेला. मला सुरू करायला किक मारावी लागते, आणि माझी किक काही लेचीपेची नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आणि मी जिन्याखालच्या पत्र्याच्या खोलीत गेले. थोडेच दिवस, असं म्हणाल्या होत्या बाई. ते थोडे दिवस सोळा वर्षं चालले. पत्रा गळायचा. माझ्यावर रंगाचे रिकामे डबे आले, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. वाईट वाटायचं ते एकाच गोष्टीचं. बाईंचा मुलगा टिल्लू, जो माझ्या टाकीवर बसून लहानाचा मोठा झाला, तो त्या खोलीत पाऊल टाकत नसे.

टिल्लू आता चांगला सहा फुटांचा आहे आणि चष्म्यांचं दुकान चालवतो. बाईंना जिना चढवेना, तेव्हा माझीच खोली दुरुस्त करून त्यांना द्यायची ठरली.

"आई, ही भंगारात देऊन टाकू," टिल्लू माझ्याकडे न बघताच म्हणाला.

"आधी चालू करून बघ. नाहीच झाली, तर दे," बाई म्हणाल्या.

टिल्लूने माझ्या किकवर सगळा भार टाकला. किक तसूभरही हलली नाही. तो पुन्हा उडी मारणार, तेवढ्यात त्याचे मामा ओरडले, "अरे, उतर! दांडा मोडशील तिचा." मामा म्हणजे बाईंचे धाकटे भाऊ. पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. "पिस्टन जाम झालाय. इथे ताकद नको, दम धरायला हवा."

त्यांनी प्लगच्या भोकातून डिझेल आणि तेल मिसळून ओतलं. रोज सकाळी बाई स्टुलावर बसून चमचाभर तेल घालायच्या. टिल्लू मला वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हळूच पुढे-मागे करून बघायचा. आठ दिवस गेले. चाक ढिम्म.

"आता पिस्टन फोडूनच काढावा लागेल," मामा म्हणाले. "आणि असा पिस्टन आज कुठे मिळायचा नाही."

म्हणजे माझा खेळ संपला होता. टिल्लूने हातातला पाना खाली ठेवला.

"आई, ही माझ्यामुळे गेली," तो म्हणाला. "शाळेत होतो. तुझ्या ऑपरेशनच्या आधी एकदा तू बाहेर गेली होतीस, मी न विचारता हिला घाटात नेली. तेल बघितलंच नाही. तापून बंद पडली. ढकलत आणून गुपचूप ठेवली. पुढे एकदा किक मारली, तर दगडासारखी. मग त्या खोलीत जायचा धीरच झाला नाही."

मित्रांनो, तो दिवस मला आठवत होता. पण मी तर तासाभरात निवले होते! हा मुलगा मात्र सोळा वर्षं तापलेलाच राहिला, आणि मला तोंड नव्हतं.

मामांनी माझं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं, आत टॉर्च मारला आणि हसले.

"बघ नीट. पिस्टनच्या कडेला हे लाल कडं आहे ना, हा गंज. वरून पाणी पडून साचलंय. तापून अडकली असती, तर सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे दिसले असते."

"पाणी आत जाईल कसं? वर प्लग होता, तो तुम्ही तेल ओतायला काढलात ना?" टिल्लूने मामांना विचारलं.

बाईंनी कपाळाला हात लावला. "प्लग मीच काढला होता, साफ करायला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भरती झाले, आणि तो तसाच राहिला रे. मला वाटायचं, तुला हिची काही पडलेलीच नाही."

मग टिल्लूने डोळे पुसले आणि खापर चष्म्यावर फोडलं.

मामांनी आतल्या भिंतीवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने घासला, पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवला आणि हलक्या हाताने ठोकू लागले. टिल्लू चाक धरून बसला. अचानक आतून 'कट्' झालं आणि पिस्टन केसभर सरकला! सोळा वर्षांनी माझ्या पोटात काहीतरी हललं. मग सिलिंडर निघाला, पिस्टनच्या बाजूंवर एकही ओरखडा दिसला नाही, आणि टिल्लूच्या मनातला उरलासुरला संशयही गेला.

पिस्टनच्या नव्या रिंगा आल्या, कार्बोरेटर धुतला. सतराव्या किकला मी खोकले, धूर सोडला आणि बोलू लागले. बाईंनी टाकीवर हात ठेवला. त्या हाताचे, मामांच्या धीराचे आणि टिल्लूच्या खऱ्या बोलण्याचे उपकार मी कसे फेडू?

आता मी अंगणात छपराखाली असते. परवा बाई मागे बसल्या होत्या. टिल्लू जपून चालवत होता, तर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "अरे, जरा दामट की! मी अशी गेले असते तर बाळं चालत समोर आली असती."

मित्रांनो, आपल्या वस्तू झाकून ठेवा, अधूनमधून त्यांची विचारपूस करा. आणि एखादी वस्तू आपल्या हातून बिघडली असं वाटलं, तर मनात ठेवून झुरू नका. घरच्यांना सांगून टाका. कदाचित ती तुमच्यामुळे बिघडलेलीच नसेल.